आयरिश न्याहारी, रायपूरची बारी

आयर्लंडच्या न्याहारीचं ताट भरगच्च असतं. खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या परतलेल्या चकत्या, सॉसेज, काळं आणि पांढरं पुडिंग, तळलेलं अंडं, अर्धा चिरून भाजलेला टोमॅटो, लोण्यात परतलेली अळिंबी, बटाट्याची पोळी, सोडा ब्रेडचा जाड काप, त्यावर खारं लोणी आणि सोबत कडक चहा. आज डब्लिनच्या हॉटेलांमध्ये पर्यटक हे ताट हौसेनं मागवतात. पण ते हॉटेलात जन्मलेलं नाही, शेतकऱ्याच्या घरातलं आहे. गाय गोठ्यातली, कोंबड्या अंगणातल्या, डुक्कर परसातलं, बटाटे मागच्या रानातले. विकत आणायचं ते मीठ, सोडा आणि चहा. पहाटे उठून गुरांचं सगळं उरकून, थंडीवाऱ्यातून घरात आलेल्या माणसाला दुपारपर्यंत पुरेल एवढा आधार पोटात हवा, त्यासाठी हे ताट.

माझी भाची डब्लिनला नोकरी करते. यंदाच्या थंडीत ती रायपूरला आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, एक दिवस सगळ्यांना तिकडचा नाश्ता करून घालते. पण सगळं सामान सेंद्रिय हवं हं, मी तिकडेही तेच खाते." घरात लगेच उत्साहानं याद्या सुरू झाल्या. मॉलमध्ये परदेशी मालाचं कपाट असतं, तिथे डबाबंद अळिंबी मिळते, बाटलीतला टोमॅटो मिळतो, हिरव्या पानाचा युरोपीय शिक्का असलेली पाकिटंही मिळतात. मी मात्र हट्ट धरला की त्या कपाटाकडे जायचंच नाही. ज्या न्याहारीचं मूळच स्वतःच्या आवारातल्या सामानात आहे, ती सहा-सात हजार किलोमीटरवरून आलेल्या डब्यांतून उभी करायची, हे मला पटत नाही. त्या डब्यावर कितीही खरा शिक्का असला तरी पटत नाही.

आणि रायपूरच्या आसपास आहे काय, हे आपणच विसरत चाललो आहोत. छत्तीसगडच्या प्रत्येक जुन्या घरामागे बारी असते. बारी म्हणजे परसातली भाजीची जागा. त्या बारीला खत मिळतं ते घुरव्यातून, म्हणजे शेण-पालापाचोळा कुजवण्याच्या खड्ड्यातून. इथल्या सरकारनं काही वर्षांपूर्वी 'नरवा, गरुवा, घुरवा, बारी' असा कार्यक्रमच काढला होता. ओढे, गुरं, खतखड्डा आणि परसबाग या चार गोष्टी सांभाळल्या की गाव सांभाळलं जातं, असा त्यामागचा विचार. 20 जुलै 2020ला, हरेलीच्या सणाला, गोधन न्याय योजना सुरू झाली आणि सरकार शेतकऱ्यांकडून दोन रुपये किलोनं शेण विकत घेऊ लागलं. पुढे सरकार बदललं, योजनेचा जोर ओसरला. तिच्या हिशेबावर ज्यांनी वाद घालायचा त्यांनी घालावा. शेणाला किंमत आहे, ही गोष्ट त्या निमित्तानं शहरातल्या माणसाच्या कानावर गेली, एवढं माझ्या मते मोलाचं होतं.

शास्त्री बाजारात सकाळी लवकर गेलं की आसपासच्या गावांतून आलेल्या बायका पसरा लावून बसलेल्या दिसतात. समोर फारसा माल नसतो. थोडे पताल, म्हणजे टोमॅटो, चार जुड्या लाल भाजी, सेमीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, एखादा जिमीकंद, म्हणजे सुरण. सगळे टोमॅटो एकाच मापाचे नसतात, काहींच्या देठाशी तडा असतो. आयरिश ताटासाठी मला तेच हवे होते. भाजताना फ्रीजमधल्या टणक टोमॅटोला पाणी सुटतं आणि चव सुटत नाही. बारीतला पिकलेला पताल अर्धा चिरून, मीठ-मिरपूड लावून, कापलेली बाजू खाली करून तव्यावर ठेवला की त्याचा रस आटून दाट होतो.

आता त्या ताटातला माझा सगळ्यात आवडता पदार्थ, सोडा ब्रेड. त्याच्याविषयी थोडं सविस्तर सांगितलंच पाहिजे.

आयर्लंडची हवा दमट आणि थंड. तिथे पिकणारा गहू मऊ, त्यात चिकटपणा कमी. यीस्ट घालून फुगवायच्या पावाला चिकट, ताणला जाणारा गहू लागतो, म्हणून तो पाव तिथल्या गव्हाचा नीट होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाण्याचा सोडा स्वस्तात मिळू लागला आणि गरिबाच्या घरी पाव भाजण्याची सोय झाली. लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरोघरी असेच. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ हलकं होतं. हे काम त्या क्षणीच सुरू होत असल्यामुळे पीठ मळत बसायचं नाही, झाकून ठेवायचं नाही, लगेच भाजायला घालायचं.

प्रमाण सोपं आहे. साडेचारशे ग्रॅम पीठ, एक सपाट चहाचा चमचा सोडा, तेवढंच मीठ आणि साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर ताक. आपली चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून ताक थोडं जास्त लागतं. मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेते. पिठात मधोमध खळगा करून ताक ओतायचं, बोटं फाकवून हात गोल फिरवायचा, पीठ जेमतेम गोळा झालं की थांबायचं. दोन इंच जाडीचा गोल करून त्यावर सुरीनं खोल फुली मारायची, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचते. तिकडच्या आज्या म्हणत, त्या फुलीतून पऱ्या बाहेर पडतात. ओव्हन आधी 230 अंशांवर तापवून पंधरा मिनिटं, मग 200 अंशांवर साधारण अर्धा तास. खालून टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की झाला. ओव्हन नसेल तर उत्तर आयर्लंडची पद्धत धरा. बोटभर जाड थापून चार तुकडे करायचे आणि तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचे.

पण पूर्वी शेतकऱ्याच्या घरी ओव्हन कुठला? लोखंडाचं जाड, तीन पायांचं, झाकणाचं भांडं असे. ते चुलीवर ठेवायचं, आणि झाकणावरही निखारे रचायचे. निखारे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे. वरून आणि खालून सारखी धग. भाची हे सांगत असताना माझी आई म्हणाली, "अगं, म्हणजे आपले पानगेच की!" आमचं मूळ विदर्भातलं, छत्तीसगडवर राज्य केलेल्या नागपूरच्या बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून अनेक मराठी घरं तिकडून या मुलखात आली. पळसाच्या पानांत कणकेचा गोळा दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले पानगे आईनं लहानपणी खाल्ले आहेत. छत्तीसगडात तेच काम अंगाकर रोटी करते. तांदळाचं पीठ, त्यात रात्रीचा उरलेला भात कुस्करलेला, मीठ, आणि तो जाड गोळा पळसाच्या किंवा केळीच्या पानांत धरून वर-खाली अंगार. पळसाला इथे परसा म्हणतात. तीन मुलखांतल्या बायकांनी ओव्हन नसताना एकच युक्ती शोधली, आणि तिन्हीकडे ती पोटभरीची, कामावर जाणाऱ्या माणसाची भाकर ठरली.

सेंद्रिय पिठाबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. गहू शेतात बिनरासायनिक पिकला, पण पुढे गोदामात किडीपासून वाचवायला त्याला विषारी गोळ्यांची धुरी दिली, तर तो सेंद्रिय राहत नाही. सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांत साठवणही येते. आपल्या आज्या गव्हाला एरंडेल चोळत, कोठीत कडुलिंबाचा पाला घालत. बेमेतरा-कवर्धा भागातून ओळखीच्या शेतकऱ्याकडून गहू घेताना मी पहिला प्रश्न साठवणीचा विचारते. उत्तर देताना तो अडखळत नाही, यावरून मला बरंच कळतं.

अळिंबीचंही तसंच. आयर्लंडमध्ये पूर्वी न्याहारीला कुरणात उगवलेली रानअळिंबी असे. छत्तीसगडला या बाबतीत कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात जुन्या पैऱ्याच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर पैरा पुटू उगवतो. बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसानंतर जमिनीतून बोडा निघतो आणि बाजारात भलता भाव खातो. थंडीत यांतलं काही नसतं, तेव्हा पेंढ्यावर वाढवलेली धिंगरी मिळते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात अळिंबीवर काम होतं आणि गावोगावच्या बचत गटांतल्या बायका ती पिकवतात. इथेही विचारायचा प्रश्न ठरलेला आहे. पेंढा निर्जंतुक कसा केला? फॉर्मालिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत सर्रास आहे. गरम पाण्यात किंवा वाफेवर पेंढा काढणाऱ्यांची अळिंबी घ्यावी. परतताना कढई चांगली तापलेली हवी, अळिंबी थोडी-थोडी घालायची आणि मीठ शेवटी.

अंड्यांपाशी आमची खरी अडचण झाली. युरोपात प्रत्येक अंड्यावर आकडा छापलेला असतो. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्या रानात फिरणाऱ्या कोंबडीचं, 2 म्हणजे बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, 3 म्हणजे पिंजऱ्यातलं. भाचीला त्या एका आकड्याची सवय. आपल्याकडे 'देशी' म्हटलं की लोक सेंद्रिय समजतात. तसं नाही. कोंबडी देशी असेल, अंगणात फिरतही असेल, पण तिला टाकलेला दाणा फवारलेल्या शेतातला असू शकतो. म्हणून आम्ही त्या अंड्यांना सेंद्रिय म्हटलं नाही. देशी म्हटलं, आणि आनंदानं खाल्ली. जे आहे त्याला तेच नाव द्यावं.

शिक्क्यांची माहिती मात्र प्रत्येक घरात असावी. आपल्याकडे दोन मार्ग आहेत. 2001पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करते. हंगामी पिकांसाठी शेताला साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. दुसरा मार्ग पीजीएस-इंडिया, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. तो छोट्या शेतकऱ्याला परवडतो. 2017च्या अन्नसुरक्षा नियमांनंतर बाजारात 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला यांपैकी एक प्रमाणपत्र लागतं आणि 'जैविक भारत'चं चिन्ह असतं. छोट्या उत्पादकानं थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला मात्र सूट आहे. म्हणजे शास्त्री बाजारात पसरा लावून बसलेल्या बाईकडे कागद नसेल तर ती काही गुन्हा करत नाही. तिथे कागदाची जागा तुमच्या-तिच्या ओळखीनं घ्यायची असते, आणि ओळख एका रविवारात होत नाही.

मांसाचं लवकर उरकते. काळ्या पुडिंगमध्ये डुकराचं रक्त, चरबी, कांदा, ओट्स किंवा बार्ली असते. पांढऱ्यात रक्त नसतं. शरदात डुक्कर मारलं की त्याचं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही आणि शेजाऱ्यांना वाटा द्यायचा, यातून ते आलं. त्या काटकसरीचा मला आदर आहे. आमच्या घरी डुकराचं मांस शिजत नाही, म्हणून ते वगळलं. त्याच्या जागी सोयाबीनचं काहीतरी वळकटी करून ठेवणं मला नको होतं. नसलेला पदार्थ नसू द्यावा.

त्याऐवजी बटाट्यावर भर दिला. बॉक्स्टी नावाचा प्रकार आयर्लंडच्या उत्तरेकडच्या भागात करतात. निम्मा किसलेला कच्चा बटाटा, निम्मा उकडून कुस्करलेला, मूठभर पीठ, ताक, चिमूटभर सोडा, आणि तव्यावर थालीपिठासारखं थापून लोण्यात भाजायचं. आमच्याकडे सर्वांत आधी तेच संपलं.

बटाटा आला की आयर्लंडचा दुष्काळ आठवतोच. 1845 ते 1852. लाखो गरीब माणसं लंपर नावाच्या बटाट्याच्या एकाच वाणावर जगत होती. तो भरपूर येई, हलक्या जमिनीतही येई. करपा रोग आला आणि त्या वाणाला त्याच्याशी लढायची ताकद नव्हती. सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून लोणी आणि धान्य बाहेर जात होतं. जुलमी जमीनदारी आणि निर्दय राज्यकारभार यांचा दोष मोठाच. पण शेतात दुसरा वाण नव्हता, हेही तितकंच खरं.

हे मी रायपुरात बसून लिहिते, आणि म्हणूनच मला डॉ. राधेलाल रिछारियांविषयी बोलायचं आहे. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते. बाहेरून आणलेले अधिक उत्पन्नाचे मोजके वाण घाईनं देशभर पसरवण्याला त्यांनी विरोध केला, आणि त्यांना ते पद गमवावं लागलं. नंतर सत्तरच्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत त्यांनी गावोगाव फिरून तांदळाचे हजारो देशी वाण गोळा केले. कुठला सुगंधी, कुठला लवकर येणारा, कुठला पाण्यात उभा राहणारा, कुठला कोरड्या उतारावर तग धरणारा. ती संस्था पुढे बंद झाली. पण तो ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे, आणि तिथे भाताचे 23,000हून अधिक नमुने जपलेले आहेत. 2002मध्ये विद्यापीठानं सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी या ठेव्याबाबत करार करायचं ठरवलं, तेव्हा रायपूरकर रस्त्यावर उतरले आणि तो बेत मोडला. या शहराला मी आपलं म्हणते, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण आहे.

सेंद्रिय शेतीचा खरा आधार वाणांची विविधता हाच आहे. औषध मारायचं नसेल तर पिकाच्या अंगात बळ हवं, आणि ते बळ त्या मातीत पिढ्यान् पिढ्या टिकलेल्या वाणात असतं. सरगुज्याच्या जीराफूल तांदळाला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नंतर नगरी दुबराजलाही मिळालं. मानांकन मिळाल्याचं अभिनंदन आपण करतो, आणि घरात मात्र पॉलिश केलेला एकच पांढरा तांदूळ आणतो. खाणारा नसेल तर तो वाण शीतगृहातल्या डबीत जिवंत राहील, शेतात राहणार नाही.

म्हणून आमच्या आयरिश ताटात मी एक भर घातली. दुबराजच्या पिठाचा चिला, म्हणजे धिरडं. भाचीनं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग अंड्याबरोबर दोन खाल्ले. तिला मी ग्रिअर्सनचंही सांगितलं. डब्लिनजवळ जन्मलेला हा भाषापंडित. हिरालाल काव्योपाध्यायांनी लिहिलेल्या छत्तीसगढी व्याकरणाचा इंग्रजी अनुवाद त्यानेच 1890मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे त्या दोन मुलखांची ओळख आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा झाली असं नाही.

आपल्या मातीतलं खाण्याचं भान आयर्लंडमध्येही परत आणावं लागलं. कॉर्क परगण्यातल्या शानागॅरी गावी मर्टल ॲलन या शेतकऱ्याच्या बायकोनं 1964मध्ये आपल्या राहत्या घरात जेवणघर सुरू केलं. शेतात आणि जवळच्या बंदरात त्या दिवशी जे आलं तेच ताटात. त्या काळी तिथे फ्रेंच पदार्थांची प्रतिष्ठा होती, घरच्या ताकाची आणि ब्रेडची नव्हती. त्यांच्या सुनेनं, डॅरिना ॲलननं, 1983मध्ये पाकशाळा काढली. ती शंभर एकरांच्या सेंद्रिय शेतावर चालते, आणि तिथे आजही सोडा ब्रेड शिकवला जातो. सासूनं राखलं आणि सुनेनं वाढवलं. असं घर रायपूरजवळ, अभनपूर-आरंगच्या रस्त्यावर कुणी उभारलं, बासी, फरा, चिला आणि अंगाकर अभिमानानं वाढले, तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन. 1 मे 2022ला इथल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी कामगार दिनी बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खायचं आवाहन केलं होतं, तेव्हा भल्याभल्यांनी भाताचे वाडगे हातात धरून फोटो काढले. रोजचं ताट मात्र त्यानं फारसं बदललं नाही.

चहा आसामचाच घ्या. आयरिश न्याहारीच्या चहाच्या मिश्रणात मुख्य भर त्याचाच असतो. जशपूरला सारूडीहचा मळा आहे, तो चहा दुपारी प्या.

थंडी अजून आहे, बाऱ्या भरलेल्या आहेत. येत्या रविवारी हा नाश्ता करायचा बेत असेल तर ताकासाठी दही आदल्या रात्री लावा, दाट आणि आंबट. सकाळी सातच्या आत बाजारात जा, पसऱ्यावरच्या बाईला तिचं गाव विचारा, खत काय घालते ते विचारा, आणि तिनं सांगितलेल्या भावात घासाघीस करू नका. घरी आणायचा तांदूळही या महिन्यापुरता बदलून पाहा. दुबराज, जीराफूल, जो मिळेल तो, पण इथला आणा.